.३८ सुपरच्या पिस्तुलाला ९ मिमीची नळी : ओहायोतील एका गनस्मिथच्या कामाचा अनुभव

माझ्याकडे कोल्ट कंपनीचे, ‘१९११’ नावाच्या प्रसिद्ध प्रारूपाचे, .३८ सुपर काडतुसाचे एक पिस्तूल आहे. आमच्या क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांनी नेमबाजीतून निवृत्त होताना ते मला रीतसर विकले. गेल्या हिवाळ्यात मी हे पिस्तूल ईशान्य ओहायोतील एका स्वतंत्र गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या आणि जुळवून देणाऱ्या कारागिराकडे, देऊन त्याला ९ मिमीची दुसरी नळी बसवून घेतली. त्या कामाविषयी मी हे सविस्तर लिहीत आहे. या देशात नेमबाजी करणारे मराठीभाषक आता बरेच आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी मला हाच प्रश्न विचारला आहे, की तयार सुटा भाग विकत घेऊन घरी बसवण्याऐवजी कारागिराला दुप्पट पैसे का द्यावेत. माझे उत्तर असे आहे की नळी कोणालाही विकत मिळते, परंतु ती नळी आणि आपले पिस्तूल यांचे नाते जुळवणे हे निराळे काम आहे, आणि या गनस्मिथने ते उत्तम केले. त्याच्याकडून एक चूक झाली आणि ठरल्यापेक्षा बराच उशीरही झाला; त्या दोन्ही गोष्टी पुढे येतीलच.

आधी हा बदल करावासा का वाटला, ते सांगतो. .३८ सुपर हे काडतूस कोल्टने १९२९ मध्ये आणले. त्याच्या आधीच्या, १९०० सालच्या .३८ काडतुसाचीच मापे ठेवून त्यात अधिक दाबाची दारू भरली होती. पुढे १९८० च्या दशकात प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांमध्ये या काडतुसाला मोठा मान मिळाला. मेक्सिकोतही ते दीर्घकाळ लोकप्रिय राहिले. काडतूस म्हणून ते मला मनापासून आवडते. परंतु आमच्या भागातील दुकानांत ते क्वचितच दिसते, आणि दिसले तरी पन्नास काडतुसांच्या डबीला ९ मिमीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात. मी आठवड्याला साधारण दीडशे गोळ्यांचा सराव करतो. स्वतः काडतुसे भरून खर्च कमी करता येतो हे खरे, पण सुपरची प्रत्येक रिकामी पुंगळी गवतातून शोधून उचलावी लागते, आणि ९ मिमीच्या पुंगळ्या मात्र रेंजवर बादलीभर पडलेल्या असतात. हे वर्षभर सोसल्यावर मी बदलाचा निर्णय घेतला.

मी प्रथम गनस्मिथकडे गेलो तेव्हा माझी विचारणा चुकीची होती. आहे त्याच नळीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती मागची पोकळी, बदलून ती ९ मिमीची करता येईल, असा माझा समज होता. दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, म्हणजे .३५५ ते .३५६ इंच, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. त्याने दोन्ही काडतुसे माझ्यासमोर शेजारी शेजारी उभी केली. सुपरची पुंगळी .९०० इंच लांब, तर ९ मिमीची .७५४ इंच. ९ मिमीचे काडतूस चेंबरमध्ये स्वतःच्या तोंडाच्या कडेवर टेकून उभे राहते, आणि सुपरच्या चेंबरमध्ये ती टेकण्याची पायरी असते त्या जागी मोकळी पोकळी असते. लोखंड काढता येते, परत घालता येत नाही, एवढ्या एका वाक्यात त्याने विषय संपवला आणि जुनी नळी जशीच्या तशी ठेवून नवी नळी बसवण्याचा सल्ला दिला. माझ्या .४५ च्या दुसऱ्या पिस्तुलाचेही असेच काही करता येईल का, असे मी विचारले, तेव्हाही त्याने तितक्याच स्पष्टपणे नकार दिला. .४५ च्या पुंगळीच्या बुडाचा व्यास .४८० इंच असल्याने त्या पिस्तुलाच्या स्लाइडची, म्हणजे सांगाड्यावर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची, बूड टेकते ती बाजू त्याच मापाने रुंद कोरलेली असते, आणि त्यात .३९४ इंचांचे ९ मिमीचे बूड सैल खेळत राहते. त्यासाठी संपूर्ण नवी स्लाइड घ्यावी लागेल आणि तो खर्च मला परवडण्यासारखा नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. समोर आलेले काम असे नाकारणाऱ्या कारागिरावर माझा पहिल्याच भेटीत विश्वास बसला.

सुपर आणि ९ मिमी ही जोडी मात्र या बदलासाठी फार सोयीची आहे. अमेरिकेतील शस्त्र आणि काडतूस उत्पादकांची मानके ठरवणाऱ्या सामी या संस्थेनुसार ९ मिमीचा कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड आणि सुपरचा ३६,५०० पौंड आहे, म्हणजे नव्या काडतुसामुळे पिस्तुलाच्या सांगाड्यावर अधिक ताण येत नाही. बुडाच्या व्यासात फरक आहे, पण तो केवळ .०१२ इंचाचा, त्यामुळे मूळ स्लाइड वापरता येते. हा .०१२ इंच लक्षात ठेवावा, कारण पुढे घोटाळा नेमका तेथेच झाला.

कायदेशीर बाजूविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार पिस्तूल म्हणून गणला जातो तो अनुक्रमांक कोरलेला सांगाडा. नळी किंवा स्लाइड हे संघीय कायद्याच्या दृष्टीने केवळ सुटे भाग आहेत, जरी काही राज्यांचे नियम याहून कडक असले तरी. गनस्मिथकडे संघीय परवाना असावा लागतो. या दुकानात तो प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता. पिस्तूल त्याच दिवशी परत द्यायचे नसेल तर त्याची आवक नोंदवहीत लिहावी लागते, आणि ज्याने दिले त्यालाच ते परत देताना खरेदीच्या वेळचा अर्ज पुन्हा भरावा लागत नाही. माझ्यासमोर त्याने ही नोंद केली, अनुक्रमांक दोनदा मोठ्याने वाचला आणि मला पावती दिली. आपल्याकडील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ठाऊक नसल्याने भल्या माणसावर गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. एच-१बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला कायद्यातील मोजके अपवाद सोडले तर या देशात बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर परिस्थिती बदलते. भारतात तर असा बदल करून घेण्याचा विचारही सामान्य परवानाधारकाने करू नये. तेथे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचे माप) आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याचा व्यवसायही परवान्यावाचून करता येत नाही.

आता मुख्य कामाकडे येतो.

१९११ पिस्तुलाची नळी स्लाइडमध्ये स्थिर बसवलेली नसते. गोळी सुटल्यावर ती स्लाइडबरोबर किंचित मागे सरकते, मागच्या बाजूने खाली झुकते, आणि स्लाइड पुढे येताना पुन्हा वर चढून स्लाइडच्या आतील खाचांमध्ये आपले कंगोरे अडकवते. प्रत्येक गोळीनंतर ती नेमक्या त्याच जागी परत येते की नाही, यावर सगळी अचूकता अवलंबून असते. कारखान्यातून येणारी तयार नळी सर्व पिस्तुलांत बसावी म्हणून मापाने थोडी कमी केलेली असते, त्यामुळे ती बसते, पण थोडी हलतेही. कारागिरासाठी मिळणारी नळी याउलट सर्व बाजूंनी जाणूनबुजून मोठी ठेवलेली असते आणि ती कोणत्याही पिस्तुलात तशीच बसत नाही. कानशीने थोडे थोडे घासून ती त्या एकाच पिस्तुलासाठी जुळवावी लागते.

ज्यांनी महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला किंवा आयटीआयमध्ये फिटिंग शॉपचे तास केले आहेत, त्यांना हे काम पाहताक्षणी ओळखीचे वाटेल. चौकोनी खाचेत चौकोनी तुकडा प्रकाश दिसणार नाही असा बसवण्यासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे कानस चालवली होती, आणि इतक्या वर्षांनी तीच निळी शाई मला या दुकानात पुन्हा दिसली. नळीच्या कंगोऱ्यांना पातळ निळा थर लावायचा, स्लाइडमध्ये बसवून पाहायची, निळा जेथे पुसला गेला तेवढाच भाग दोन हातांनी हलके घासायचा, आणि पुन्हा निळा लावायचा. गनस्मिथने मला अर्धा तास शेजारी उभे राहून हे पाहू दिले. त्या अर्ध्या तासात त्याने कानस फार तर दहा-बारा वेळा फिरवली असेल. उरलेला सगळा वेळ तो बघत होता, मोजत होता आणि पुसत होता. नळीच्या वरच्या दोन्ही कंगोऱ्यांवर जोर सारखा येईपर्यंत तो थांबला नाही. पुढच्या टोकाला नळीला धरून ठेवणारे बुशिंगही त्याने नवीन घेऊन याच नळीच्या मापाने जुळवले. शेवटी चेंबरची खोली कमाल आणि किमान मापाच्या पोलादी गेजांनी तपासली आणि ती तपासणी माझ्याकडूनही करून घेतली, म्हणजे लहान गेजवर स्लाइड पूर्ण बंद होते आणि मोठ्या गेजवर होत नाही, हे मी स्वतःच्या हाताने अनुभवले. ही त्याची सवय मला फार मोलाची वाटली.

नळीच्या आतील वळणांबाबतही त्याने मला निवड करू दिली. सुपरच्या नळीत गोळीला दर सोळा इंचांत एक फेरा मिळतो, तर ९ मिमीच्या नळ्या बहुधा दहा इंचांत एक फेरा देतात. मी पन्नास यार्डांवर ११५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची पोकळ टोकाची गोळी वापरणार, हे ऐकून त्याने दहाचे वळण सुचवले.

पिस्तूल परत मिळाले तेव्हा त्याबरोबर काय काय मिळाले, हे सांगायला हवे, कारण पैशांचा हिशेब तेथेच कळतो. जुनी सुपरची नळी तेल लावून, कागदात गुंडाळून, तिच्या जुन्या बुशिंगसह वेगळ्या डबीत दिलेली होती. दोन काडतुसांसाठी स्लाइडला पुन्हा पुढे आणणाऱ्या दोन वेगळ्या स्प्रिंगा होत्या, ९ मिमीसाठी १२ पौंडांची आणि सुपरसाठी १६ पौंडांची, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून एकीच्या टोकाला लाल रंग लावलेला होता. ९ मिमीची दोन मॅगझिने होती, ज्यांच्या आत मागच्या बाजूला एक पट्टी असते, कारण ९ मिमीचे काडतूस सुपरपेक्षा आखूड आहे आणि त्या पट्टीवाचून ते मॅगझिनमध्ये मागेपुढे घसरत राहील. नव्या नळीवर, स्लाइडच्या खिडकीतून दिसेल अशा जागी, ‘९ मिमी’ ही खूण ठळक कोरलेली होती. एकाच पिस्तुलाला दोन नळ्या असणाऱ्याने ही खूण प्रत्येक वेळी वाचावी आणि दोन प्रकारची काडतुसे एकाच टेबलावर कधीही ठेवू नयेत, असे त्याने मला दोनदा बजावले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पिस्तूल रॅन्सम रेस्ट या पकडयंत्रात बसवून पन्नास यार्डांवर झाडलेल्या दहा गोळ्यांचे मूळ लक्ष्यपत्र तारखेसह जोडलेले होते. त्यात दहाही छिद्रे २.७ इंचांत होती. बुल्सआय या अचूक नेमबाजीच्या स्पर्धेतील लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ३.३६ इंचांचे असते, म्हणजे यापुढे गुण गेले तर दोष पिस्तुलाचा नाही, एवढे निश्चित झाले.

एकूण खर्च ७४० डॉलर आला. त्यात नळी, बुशिंग, स्प्रिंगा आणि मॅगझिने मिळून साधारण निम्मी रक्कम होती आणि उरलेली मजुरी. सुरुवातीला त्याने ७०० चा अंदाज दिला होता. वाढलेले ४० डॉलर दुसऱ्या मॅगझिनचे होते आणि ते घेण्यापूर्वी त्याने मला दूरध्वनी करून विचारले होते.

आता तक्रारी. पहिली वेळेची आहे. सहा आठवड्यांत काम होईल असे सांगून त्याने अकरा आठवडे घेतले. नळी बनवणाऱ्याकडूनच ती उशिरा आली, हे मला मान्य आहे. परंतु सातव्या आठवड्यानंतर त्याने आपणहून काहीही कळवले नाही, आणि मी दोनदा दूरध्वनी केल्यावरच मला खरी परिस्थिती समजली. एकट्याने दुकान चालवणाऱ्या कारागिराकडून रोजची खबरबात कोणालाही अपेक्षित नसते, पण आपले पिस्तूल दुसऱ्याच्या तिजोरीत असताना ग्राहकाच्या मनाला जी हुरहुर लागते ती ओळखून त्याने दोन ओळींचा संदेश पाठवायला हवा होता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पहिल्या तीनशे गोळ्यांत सात वेळा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. अचूकता लक्ष्यपत्रात होती तशीच होती, परंतु दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या रॅपिड फायरमध्ये असे एकदा जरी झाले तरी ती मालिका गेलीच. मी अडकलेल्या पुंगळ्या जपून ठेवल्या, कोणत्या गोळीला अडथळा आला याची टिपणे केली, आणि सर्व घेऊन पुन्हा दुकानात गेलो. त्याने पुंगळ्यांच्या बुडाची कड भिंगातून पाहिली आणि पाच मिनिटांत दोष सांगितला. १९११ मध्ये पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर हा स्वतःच एक लांब स्प्रिंग असतो. त्याला किती बाक दिला आहे, यावर तो पुंगळीच्या कडेला किती घट्ट धरतो हे ठरते. त्याने तो बाक सुपरच्या .४०६ इंचांच्या बुडासाठी होता तसाच ठेवला होता. ९ मिमीचे बूड .३९४ इंचांचे असल्याने पकड थोडी सैल पडत होती, आणि तिला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर आदळण्यापूर्वीच पुंगळी कधीकधी निसटत होती. पकडयंत्रातून त्याने मोजक्याच गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे हा दोष त्याला दिसला नव्हता.

आहे तोच एक्स्ट्रॅक्टर आणखी वाकवला तर सुपरसाठी पकड नको इतकी आवळली जाईल, म्हणून त्याने ९ मिमीसाठी स्वतंत्र एक्स्ट्रॅक्टर घेऊन तो जुळवला, त्यावर बारीक खूण केली, आणि नळीबरोबर तोही कसा बदलायचा ते मला दाखवले. या कामासाठी त्याने एक पैसाही घेतला नाही. चूक आपली आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात मान्य केले. त्यानंतर मी अकराशेहून अधिक गोळ्या झाडल्या आहेत आणि पुंगळी एकदाही अडकलेली नाही. तरीही माझे मत असे आहे की बुडाच्या मापातील फरक ज्या रूपांतरात आधीपासून माहीत असतो, त्यात दोन एक्स्ट्रॅक्टर हे पहिल्याच अंदाजपत्रकात असायला हवेत, आणि पिस्तूल परत देण्यापूर्वी किमान शंभर गोळ्या हातात धरून झाडून पाहायला हव्यात. हे मी त्याला सांगितले आहे, आणि पुढील ग्राहकांनीही आधीच विचारून घ्यावे.

वापराविषयी थोडेसे. ९ मिमीचा धक्का या जड, पोलादी पिस्तुलात इतका मऊ लागतो की नव्वद गोळ्यांच्या मालिकेनंतरही मनगट थकत नाही. माझ्या वयात याचे महत्त्व मोठे आहे. बुल्सआयच्या पूर्ण सामन्यात २७० गोळ्या असतात, त्यातील नव्वद .२२ च्या, नव्वद कोणत्याही सेंटरफायर (काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असलेल्या) पिस्तुलाच्या आणि नव्वद .४५ च्या, मधल्या नव्वदीसाठी मी आता हेच पिस्तूल वापरतो, आणि शेवटच्या नव्वदीला हात ताजा राहतो. पन्नास यार्डांवरच्या स्लो फायरमध्ये माझी दहा गोळ्यांची सरासरी ८३ वरून ८७ वर आली आहे. त्यातील किती गुण पिस्तुलाचे आणि किती स्वस्त काडतुसांमुळे वाढलेल्या सरावाचे, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. सुपरची नळी परत बसवायची झाल्यास नळी, बुशिंग, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन असे पाच भाग बदलावे लागतात आणि त्याला मला साधारण दहा मिनिटे लागतात. मागच्या साइटचे क्लिकही दोन्ही काडतुसांसाठी वेगळे आहेत, आणि ते मी पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहेत. जुन्या नळीला त्याने कानस लावलेली नाही, त्यामुळे ते पिस्तूल जसे माझ्याकडे आले तसे कोणत्याही दिवशी पुन्हा होऊ शकते. ज्यांनी ते मला दिले, त्यांना हे समजले तेव्हा त्यांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या आणि नवीन नळीच्या कंगोऱ्यांवरून अंगठा फिरवून समाधानाने मान हलवली.

हे दुकान फक्त मंगळवार ते शुक्रवार उघडे असते आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय पिस्तूल घेतले जात नाही. इरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला उन्हाळ्यात राष्ट्रीय सामने भरतात, त्यामुळे वसंतात येथील प्रत्येक गनस्मिथकडे कामांची रांग लागते. ज्यांना पुढील हंगामापूर्वी असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ऑक्टोबरातच पिस्तूल द्यावे, अकरा आठवडे लागतील असे धरून चालावे, आणि आपण प्रत्यक्ष वापरणार त्या काडतुसांच्या दोन डब्या पिस्तुलाबरोबर ठेवाव्यात.